फोन जातोय, पण येत नाही

आमची आक्कात्या, म्हणजे अप्पांची थोरली बहीण, वय ८४, इचलकरंजीला असते आणि तिला जगातला एकच फोन नंबर पाठ आहे, सांगलीतल्या आमच्या घरचा लँडलाइन. रोज सकाळी दहाच्या सुमारास ती स्वतः तिच्या घरच्या फोनवरून नंबर लावते, इकडे अप्पा खुर्ची ओढून आधीच बसलेले असतात, दोन-तीन मिनिटं बोलतात, पाऊस किती झाला, गुडघे कसे आहेत, कोण आजारी आहे, बस्स. दिवाळीनंतर हा फोन यायचा बंद झाला. आत्याच्या सुनेने मला पुण्याला मोबाइल करून सांगितलं की ताई, आई रोज लावतायत पण लागतच नाही, कधी बिझी टोन येतो, कधी नुसतंच शांत, त्यांना वाटतंय अप्पा रागावलेत.

मी अप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "फोनला काय झालंय, चालू आहे की. आत्ताच गॅसवाल्याला लावला." आणि खरंच, फोन जात होता. स्वच्छ आवाज, खरखर नाही, काही नाही. फक्त येत नव्हता.

ह्यानंतर जवळपास महिनाभर मी दर शनिवार-रविवार सांगलीला जाऊन, आमचा फोन ज्यातून चालतो त्या इंटरनेटच्या राउटरमधली व्हॉइसची, म्हणजे आवाजाची, सेटिंग समजून घेत होते. माझा कामाचा विषय वेगळा आहे, मी शाळेत गणित शिकवते, पण ह्या सगळ्यात अप्पा माझ्या बाजूला होते, आणि अप्पांनी ३४ वर्षं टेलिफोन मेकॅनिक म्हणून काढलीत. खांबावर चढणं, डीपी, म्हणजे घरांकडे लाइन वाटून देणारी पेटी, उघडून वायरींच्या जोड्या शोधणं, एमडीएफवर, म्हणजे एक्स्चेंजमधल्या जोडण्यांच्या मोठ्या चौकटीवर, जंपर मारणं, पावसात केबलचे जॉइंट उकलणं. त्यामुळे मी स्क्रीनवरचं वाचायचं आणि त्यांनी जुन्या एक्स्चेंजमधलं त्याच्याशी जुळणारं काय ते सांगायचं, असं आमचं चाललं. हे मला कुठल्याच व्हिडिओत मिळालं नसतं.

थोडं मागचं सांगते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या भागातल्या जमिनीखालच्या तांब्याच्या केबलमध्ये पाणी शिरलं, आणि तेव्हापासून दर पावसाळ्यात फोन खरखरायचा, मग मरायचा, मग थंडीत आपोआप जिवंत व्हायचा. शेवटी तोच नंबर ठेवून फायबर घेतला. भिंतीवर एक पांढरा डबा (तोच तो राउटर) बसला, त्यात मागून पिवळी पातळ वायर येते, इंटरनेटही त्यातूनच, वायफायही त्यातूनच, आणि मागे दोन छोटी भोकं, टेल १ आणि टेल २. टेल १ मध्ये आपला नेहमीचा फोन लावायचा. बसवणारा मुलगा अर्ध्या तासात गेला, आम्ही सगळे खूश.

तर आता फोन येईना म्हणून तक्रार केली, डॉकेट नंबर आला, दोन दिवसांनी मुलगा आला. त्याने रिसीव्हर उचलला, डायल टोन ऐकली, स्वतःच्या मोबाइलवर फोन लावला, लागला. मग मोबाइलवरून आमच्या नंबरला लावला, तोही खणखणीत वाजला. "चालू आहे की काका." तक्रार बंद. तो गेल्यावर तासाभराने आत्याच्या सुनेने लावून बघितला, नाही लागला. तो मुलगा खोटं बोलत नव्हता हे मला खूप नंतर कळलं, त्याने ज्या क्रमाने फोन तपासला त्या क्रमाने तो लागणारच होता. कसा ते पुढे येईलच.

त्या रात्री अप्पा फोनजवळ बसून एकच म्हणत होते, "डायल टोन आहे म्हणजे एक्स्चेंज जिवंत आहे." त्यांच्या काळात हे शंभर टक्के खरं होतं. रिसीव्हर उचलला की घरापासून एक्स्चेंजपर्यंतचं सर्किट पूर्ण व्हायचं, एक्स्चेंजमधल्या बॅटरीचे ४८ व्होल्ट त्या जोडीवरून यायचे, आणि तिकडून टोन यायची. म्हणजे टोन ऐकू आली की मधली दोन-तीन किलोमीटर वायर, जॉइंट, डीपी, सगळं ठीक आहे हे कान लावूनच कळायचं. मी म्हटलं अप्पा, पण आता मधे वायरच नाही, काच आहे, काचेतून ४८ व्होल्ट कसे येणार? ते उठले, कपाटातून त्यांचा जुना मल्टिमीटर काढला, टेल १ च्या वायरीला लावला. ४८ च्या आसपास व्होल्ट. रिसीव्हर उचलला तर आठ-नऊवर आले. अगदी जुन्या लाइनसारखं. मग त्यांनी डब्याचा अडॅप्टर काढला, शून्य. बराच वेळ ते काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "म्हणजे एक्स्चेंज ह्या डब्यात आणून ठेवलंय."

मला वाटतं आमचा सगळा शोध तिथून सुरू झाला. टोन डबा बनवतो, घंटीचा करंट डबा देतो, नंबर डबा ऐकतो. आणि मग डबा तो नंबर इंटरनेटच्या भाषेत चिठ्ठी लिहून पुढे पाठवतो. आपल्याला ऐकू येणाऱ्या टोनवरून डब्यापलीकडचं पूर्ण कळत नाही. डब्याच्या आत बघायला पाहिजे.

आत बघायचं म्हणजे ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ टाकायचं (काही डब्यांना १९२.१६८.१००.१ असतं, खालच्या स्टिकरवर बघायचं) आणि स्टिकरवरचं नाव-पासवर्ड. आमच्या डब्यात त्याने सगळं दिसत होतं, पुष्कळ ठिकाणी कंपनी व्हॉइसचं पान लपवून ठेवते. व्हॉइस नावाच्या मेनूत शिरल्यावर जे दिसलं ते बघून पहिल्यांदा मी पान बंदच केलं. रजिस्ट्रार, प्रॉक्सी, आउटबाउंड प्रॉक्सी, पोर्ट ५०६०, यूआरआय, ऑथ यूजरनेम, एक्स्पायर्स ३६००, डिजिट मॅप, कोडेक, डीटीएमएफ, फॅक्स... पण अप्पा म्हणाले एकेक वाच, घाई नाही.

एकेक वाचलं तर खरंच तेवढं अवघड नाही. ह्या चिठ्ठ्यांच्या भाषेचं नाव सिप. रजिस्ट्रार म्हणजे कंपनीकडचं ते मशीन ज्याच्याकडे आपला डबा हजेरी लावतो, की हा नंबर सध्या माझ्याकडे आहे, मी ह्या पत्त्यावर सापडेन, कुणाचा फोन आला तर इकडे पाठवा. प्रॉक्सी म्हणजे फोन लावताना चिठ्ठी ज्याच्या हातात द्यायची ते, बहुतेक वेळा रजिस्ट्रार आणि प्रॉक्सी एकाच ठिकाणी असतात. आउटबाउंड प्रॉक्सी असेल तर सगळ्या चिठ्ठ्या आधी त्या दारातून जाणार. यूजरनेम म्हणजे आपलाच नंबर, पुढे ९१ आणि एसटीडी कोडसकट. ५०६० हा त्या भाषेचा ठरलेला दरवाजा. आणि एक्स्पायर्स ३६०० म्हणजे ही हजेरी ३६०० सेकंद, म्हणजे एक तास धरली जाईल, त्याच्या आत पुन्हा लावायची, नाहीतर नाव कमी.

अप्पांना ही हजेरीची गोष्ट फार विचित्र वाटली. तांब्याच्या लाइनमध्ये फोनला आपण कुठे आहोत हे कधी सांगावंच लागत नाही, एमडीएफवर जी जोडी ज्या नंबरला लावली ती लावली, नंबर म्हणजेच जागा. इथे नंबर हा नुसता खात्याचा नंबर आहे, आणि तो डबा सांगलीत आहे की साताऱ्यात हे रजिस्ट्रारला डब्याने सांगितल्याशिवाय कळत नाही.

स्टेटसच्या पानावर आमच्या नंबरपुढे रजिस्टर्ड असं हिरव्यात लिहिलं होतं. मग फोन का येत नाही?

इथे मी एक मोठी चूक केली ती सांगते, कारण ती कुणाच्याही हातून होऊ शकते. मी ते पान नुसतं बघत होते, काही बदललं नव्हतं, पण बाहेर पडताना खालचं अप्लाय बटण दाबलं, वाटलं काही बदललंच नाही तर काय होणार. झालं असं की माझ्या ब्राउझरने राउटरच्या लॉगिनचा पासवर्ड सेव्ह करून ठेवला होता, आणि व्हॉइसच्या पानावर पासवर्डची चौकट दिसल्यावर त्याने तिथेही आपणहून तोच भरला. दोन्हीकडे नुसते ठिपके दिसतात, कळायला मार्ग नाही. अप्लाय दाबल्याबरोबर सिपचा खरा पासवर्ड पुसला गेला, आणि तो पासवर्ड ग्राहकाला कुणी देत नाही, तो बसवणारा माणूस टाकतो किंवा कंपनी लांबून डब्यात भरते. दोन मिनिटांत हिरवं अक्षर जाऊन फेल्ड आलं. फोन पूर्ण मेला, आता जातही नव्हता. आठवडाभर अप्पा फोनशिवाय होते आणि मला पुण्यात झोप लागत नव्हती. व्हॉइसचं पान उघडायचं असेल तर प्रायव्हेट विंडोत उघडा जिथे ब्राउझर काही भरत नाही, प्रत्येक पानाचा आधी मोबाइलवर फोटो काढा, आणि बॅकअपची सोय असेल तर कॉन्फिगची, म्हणजे सगळ्या सेटिंगची, फाइल आधी उतरवून ठेवा.

पुढच्या शनिवारी तोच मुलगा पुन्हा आला, पासवर्ड टाकला, हिरवं झालं. ह्या वेळी मी त्याच्या बाजूला उभी होते आणि त्याला चहा देऊन विचारत होते हे काय, ते काय. चांगला मुलगा होता, जेवढं माहीत होतं तेवढं सगळं सांगत होता. पण फोन का येत नाही हे त्यालाही माहीत नव्हतं, आणि त्याच्या डोक्यावर त्या दिवशी अजून अकरा तक्रारी होत्या.

तो गेल्यावर अप्पा म्हणाले आपण फॉल्ट लोकलाइज करू. त्यांचा हा शब्द लहानपणापासून ऐकलाय, केबल तुटली की कुठे तुटली ते दोन्ही बाजूंनी मोजत यायचं. आम्ही वही घेतली. घरच्या फोनवरून माझ्या मोबाइलला एक फोन लावायचा, ठेवायचा, घड्याळ लावायचं, आणि मग ठरलेल्या वेळानंतर मोबाइलवरून घरी लावायचा. अर्ध्या मिनिटाने, वाजला. एक मिनिटाने, वाजला. दोन मिनिटांनी, वाजला. तीन मिनिटांनी लावला, नाही वाजला. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा तसंच. पाच मिनिटं नाही, दहा मिनिटं नाही, वीस नाही. मग अप्पा म्हणाले आता आपण काहीच न लावता दर तीन मिनिटांनी बाहेरून लावत राहू, तर दुपारी १:४२ ला वाजला, मग नाही, आणि थेट २:४२ ला वाजला.

एक तास. ३६०० सेकंद.

खरं सांगते, गणिताच्या वहीत उत्तर जुळल्यावर पोरांच्या तोंडावर जे येतं ते त्या दिवशी अप्पांच्या तोंडावर आलं. डबा तासाला एकदा हजेरी लावतो आणि त्यानंतर साधारण दोन मिनिटं त्याच्यापर्यंत बाहेरचा फोन पोचतो, मग पोचत नाही. आपण फोन लावला तरी चिठ्ठी बाहेर जाते, म्हणून त्यानंतरही दोन मिनिटं पोचतो. म्हणूनच त्या मुलाने आधी बाहेर लावून मग आत लावला तेव्हा वाजला. म्हणजे मधे कुणीतरी दार उघडतंय आणि दोन मिनिटांनी लावून घेतंय. कोण?

ह्याचं उत्तर वॅनच्या, म्हणजे डब्याच्या बाहेरच्या जोडणीच्या, पानावर सापडलं. इंटरनेटच्या जोडणीला मिळालेला पत्ता १०० ने सुरू होत होता, १००.७० असं काहीतरी. मी मोबाइल घरच्याच वायफायवर ठेवून माझा आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा पत्ता, काय हे शोधलं तर वेगळाच आकडा आला. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली मुद्दाम ह्यासाठीच बाजूला काढलेत, इंटरनेट कंपन्यांनी आपल्या ग्राहकांना आतल्या आत वाटायला, कारण खरे जुने पत्ते संपत आले. मग शेकडो घरांमागे बाहेरचा खरा पत्ता एकच, आणि मधे कंपनीचं एक मशीन बसतं जे लक्षात ठेवतं की आतल्या कुणी बाहेर कुणाला चिठ्ठी पाठवली, म्हणजे उत्तर आलं की बरोबर त्या घरात द्यायचं. पण हे ते मशीन फार वेळ लक्षात ठेवत नाही. थोडा वेळ काही हालचाल नाही झाली की ती नोंद पुसतं. आमच्या बाबतीत दोन मिनिटांच्या थोडं पुढे.

हे अप्पांना मी सोसायटीच्या वॉचमनचं उदाहरण देऊन सांगितलं. तुम्ही बाहेर पडताना त्याला सांगितलंत माझ्याकडे पाहुणा येणार आहे, तो वहीत लिहितो, आणि पाहुणा आला तर सोडतो. पण वहीचं पान दर दोन मिनिटांनी फाडलं जातं. तासाभरात आक्का कधीही आली तरी वॉचमन म्हणणार असं इथे कुणी राहत नाही. आणि रजिस्ट्रारच्या वहीत मात्र अजून तासभर आपलं नाव हिरव्यात आहेच, त्यामुळे कंपनीच्या बाजूने बघणाऱ्याला सगळं ठीकच दिसतं. दोन वह्या, दोघांची घड्याळं वेगळी.

मग उपाय सरळ होता, पान फाडायच्या आत वॉचमनला पुन्हा आठवण करायची. व्हॉइसच्या प्रगत सेटिंगमध्ये हार्टबीट नावाचं एक होतं, कुठे त्याला कीप अलाइव्ह म्हणतात. ते बंद होतं. चालू केलं, ३० सेकंद ठेवले (प्रायव्हेट विंडोत, फोटो काढून, पासवर्डच्या चौकटीला हात न लावता). आता डबा दर अर्ध्या मिनिटाला एक छोटीशी रिकामी चिठ्ठी सर्व्हरला पाठवतो, तिच्यात काही नसतं, फक्त दार उघडं राहतं. एक्स्पायर्सचे ३६०० कमी करूनही हे जमतं पण मग दर वेळी पूर्ण हजेरी, पासवर्डची तपासणी वगैरे होते, आणि सर्व्हर काही वेळा तुमचा आकडा न मानता स्वतःचाच लावतो, त्यामुळे हार्टबीट बरं.

पाच मिनिटं थांबलो, लावला, वाजला. वीस मिनिटं थांबलो, वाजला. अप्पांनी स्वतः इचलकरंजीला फोन करून सांगितलं की आता लाव. आणि तो ठेवल्यावर मुद्दाम पाऊण तास लावू नकोस म्हणून सांगितलं. पाऊण तासाने घंटी वाजली आणि अप्पांनी तिसऱ्या घंटीपर्यंत उचलला नाही, नुसते ऐकत होते.

इथे थांबले असते तरी चाललं असतं, पण एक राहिलं होतं. माझा भाचा कॉलेजसाठी तिथे राहतो, त्याचा मोबाइल रात्री फोटो-व्हिडिओ वर चढवायला लागला की फोनवर आवाज तुटायचा, आणि तोही आपला आवाज पलीकडे तुटायचा, पलीकडचा आपल्याला नीट. आधी मला वाटलं स्पीड कमी पडतोय. पण हिशोब करून बघा. साधा फोनचा आवाज सेकंदाला ८००० वेळा मोजतात आणि प्रत्येक मोजमाप ८ बिटचं, म्हणजे ६४ हजार बिट. अप्पा म्हणाले हे तर आमच्या डिजिटल एक्स्चेंजमध्येही असंच होतं, आणि ते बरोबर आहे, हा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, जी.७११, १९७२ सालचा आहे, भारतात त्याचा ए-लॉ प्रकार चालतो. डबा ह्याचे २० मिलिसेकंदाचे तुकडे करतो, सेकंदाला ५०, प्रत्येकात १६० बाइट आवाज आणि वर ४० बाइट पत्ता वगैरे. सगळं मिळून ८० हजार बिट. आमचा प्लॅन चार कोटी बिटचा. म्हणजे आवाजाला लागणारी जागा नगण्य आहे, प्रश्न रांगेचा आहे. व्हिडिओच्या मोठमोठ्या पाकिटांच्या मागे आवाजाचं चिमुकलं पाकीट उभं राहतं आणि उशिरा पोचतं, आणि उशिरा पोचलेला आवाज निरुपयोगी, तो फेकूनच द्यावा लागतो. जी.७२९ नावाचा ८ हजार बिटचा कोडेक पण यादीत होता, तो वर घेऊन बघितला, तुटणं तेवढंच राहिलं आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला, परत ए-लॉ वर आणलं.

अप्पा म्हणाले, "ट्रंक वेगळी पाहिजे." ट्रंक म्हणजे त्यांच्या भाषेत दोन एक्स्चेंजमधली मोठी लाइन. आणि तेच खरं कारण निघालं, दोन्ही दुखण्यांचं. वॅनच्या यादीत खरं तर दोन जोडण्या असायला हव्यात, एक इंटरनेटची आणि एक फक्त आवाजाची, दोघींचा व्हीलॅन नंबर, म्हणजे एकाच वायरीतल्या कप्प्याचा नंबर, वेगळा. एकाच काचेतून जातात पण कंपनीच्या जाळ्यात त्या वेगळ्या रस्त्याने धावतात, आवाजाच्या रस्त्याला पुढे जायची मुभा असते. आमच्याकडे बसवताना आवाजाची जोडणी केलीच नव्हती, व्हॉइसच्या पानावर इंटरफेस म्हणून इंटरनेटचीच निवडली होती, आणि सर्व्हर त्या बाजूनेही लागत होता म्हणून हिरवं आलं आणि काम झालं असं समजलं गेलं. मी ह्या मुद्द्यावर नवीन तक्रार लिहिली, ह्या वेळी फोन बंद आहे असं न लिहिता नेमकं लिहिलं की व्हॉइस इंटरनेटच्या वॅनवर आहे, वेगळ्या व्हॉइस व्हीलॅनवर करून द्या. तीन दिवसांनी एक वयस्कर अधिकारी स्वतः आले, दहा मिनिटांत जोडणी केली, इंटरफेस बदलला, रीस्टार्ट केला. आता आवाजाच्या वॅनला १० ने सुरू होणारा कंपनीच्या आतलाच पत्ता मिळतो, मधे तो वॉचमनच नाही. हार्टबीट मी तरी चालूच ठेवलंय. भाच्याने रात्रभर व्हिडिओ चढवले तरी आवाज तुटत नाही.

बाकीच्या गोष्टी पटपट सांगते. नंबर लावल्यावर चार-पाच सेकंद काहीच व्हायचं नाही, मग रिंग जायची, अप्पा तोवर ठेवून द्यायचे. तो डिजिट मॅपचा, म्हणजे आकड्यांच्या नकाशाचा, दोष. डब्याला कळायला हवं की नंबर पूर्ण झाला, नाहीतर तो अजून आकडे येतील म्हणून वाट बघतो. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला आधी शून्य लावावा लागतो, आणि आमच्या डब्यातला नकाशा त्या आधीचा होता. आपल्याकडे एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहाच आकडे होतात, मोबाइलही दहा, त्यामुळे शून्यानंतर दहा आकडे आले की पाठव एवढा एक नियम दोन्हीला पुरतो. शिवाय गावातल्या गावात सात आकडे, आणि ११२ सारखे छोटे. तो नकाशा त्या अधिकाऱ्यांनीच दुरुस्त केला. तोपर्यंत आम्ही नंबरनंतर # हे बटण दाबायचो, की लगेच जायचा.

बँकेच्या मशीनला एक दाबा दोन दाबा म्हटलं की आमचे आकडे कळत नव्हते, तिथे डीटीएमएफ, म्हणजे बटणांचे सूर पाठवायची सेटिंग, इनबँडवरून आरएफसी २८३३ वर केलं. इनबँडमध्ये बटणाचा सूर आवाजातूनच जातो, २८३३ मध्ये कुठलं बटण दाबलं ते वेगळं लिहून जातं. फॅक्सला कोणी हात लावला नाही.

आणि सिप एएलजी, म्हणजे सिपच्या चिठ्ठ्यांत हात घालणारी राउटरमधली सोय, जी बंद करा असं सगळीकडे वाचायला मिळतं. अप्पांच्या डब्यात त्याचा काही संबंध नव्हता कारण फोन थेट त्याच डब्यात आहे. पण पुण्यात माझ्या घरी नवऱ्याच्या ऑफिसचा सिप फोन आमच्या राउटरच्या मागे लागतो, आणि त्याला पलीकडचा आवाज यायचा नाही, तिथे मात्र तेच होतं. सिपच्या चिठ्ठीत आवाज कुठे पाठवायचा तो पत्ता आतल्या मजकुरातही लिहिलेला असतो, आणि एएलजी असलेला राउटर पाकीट फोडून तो पत्ता सुधारायला जातो. सर्व्हर आधीच ते काम करत असेल तर दोघांच्या सुधारणेत पत्ता चुकतो. बंद केलं, दोन्हीकडून ऐकू यायला लागलं.

वीज गेली की मात्र डबा मरतो आणि फोनही. तांब्याची लाइन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायची, घरात अंधार असला तरी फोन चालू असायचा, आणि पुराच्या दिवसांत ह्याची किंमत आम्हाला कळलेली आहे. डब्याचा अडॅप्टर १२ व्होल्टचा, त्यासाठी छोटा डीसी यूपीएस मिळतो तो घेतला, आमच्याकडे तीन तास टिकतो. एक फायबर अनेक घरांना वाटून देणाऱ्या खांबावरच्या स्प्लिटरला वीज लागतच नाही, पण पलीकडे जिथून फायबर निघतो तिथल्या मशीनला लागते, तिथे बॅटरी नसेल तर आपल्या यूपीएसचा उपयोग नाही. हे अप्पा स्वतः चालत जाऊन विचारून आले.

मागच्या आठवड्यात अप्पांनी माळ्यावरून त्यांचा जुना काळा, चकतीचा फोन काढून पुसला आणि टेल १ ला लावला. डायल टोन आली. चकती फिरवली तर डब्याला काही कळलं नाही, आमच्या डब्याला चकतीचे तुटक ठोके ओळखता येत नाहीत, फक्त बटणांचे सूर कळतात. पण बाहेरून फोन आला तर आतली पितळी घंटी वाजते, थोडी हळू, कारण डब्याचा घंटीचा करंट जुन्या एक्स्चेंजइतका जोरात नाही. अप्पांनी एका जोडणीतून दोन्ही फोन काढलेत, बोलायला बटणांचा, आणि चकतीचा हॉलमध्ये खिडकीपाशी, फक्त यायच्या फोनसाठी. व्हीलॅन नंबर, डिजिट मॅप, हार्टबीट ३० हे सगळं त्यांनी त्यांच्या डायरीत त्यांच्या अक्षरात लिहून ठेवलंय, जिथे पूर्वी डीपी आणि जोडीचे नंबर लिहायचे त्याच पद्धतीने, वर तारीख टाकून. आज सकाळी १०:०७ ला आक्कात्याचा फोन आला, ती वेळ पण तिथे लिहिलीय.